विंडो ओढली की झेड का सरकतो? ग्राफिक्स ड्रायव्हर आणि मशीनच्या कॉम्प्युटरची लेटन्सी

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या शॉपमध्ये जुन्या मिलिंग मशीनला स्टेपर मोटरी बसवून लिनक्ससीएनसी (कॉम्प्युटरवरून मशीन हलवणारं सॉफ्टवेअर) चालवलंय. कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, चार कोरचा. दोन मॉनिटर लागावेत म्हणून त्यात एक जुनं ग्राफिक्स कार्ड टाकलंय. मोटरला पाऊल पाऊल पुढे सरकवणारे पल्स पॅरलल पोर्टातून, म्हणजे जुन्या प्रिंटर-पोर्टातून जातात. लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर ठरल्या वेळेला किती चुकतो ते मोजणारी चाचणी) नुसती चालू ठेवली तर जिटर, म्हणजे वेळेतली चूक, ३८ मायक्रोसेकंद, पण ब्राउझर उघडला किंवा विंडो इकडून तिकडे ओढली की २९०. मग स्क्रीनवर 'अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले' येतं आणि आठवड्यातून दोन-तीन जॉब झेडमध्ये, म्हणजे वर-खालीच्या मापात, ०.४ मिलिमीटरने चुकतात. ड्रायव्हर बदलावा की कॉम्प्युटरच?

ड्रायव्हरकडे येतोच, पण आधी मोजायचा डायल गेज हातात घ्या. तुमच्या ०.४ या आकड्यात अर्धं उत्तर आहे.

स्टेपर मोटरचं एक बरं असतं, ती वाटेल तेवढी चुकत नाही. पकड सुटली की रोटर पुन्हा अडकतो तो चार पूर्ण स्टेपच्या पटीतच. तुमची मोटर २०० स्टेपची आणि स्क्रू ५ मिलिमीटर पिचचा आहे. म्हणजे चार स्टेप म्हणजे बरोबर ०.१ मिलिमीटर. पुढचे चार-पाच चुकलेले जॉब डायल लावून मोजा. ०.१, ०.३, ०.४ असे गोल आकडे येत असतील तर पल्सचा घोळ आहे, खात्रीने पुढे वाचा. ०.०७, ०.२३ असलं काही येत असेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा आणि स्लाइडची ढिलाई काढणारी गिब-पट्टी बघा. आणि चूक एकदम न होता दिशा बदलेल तशी थोडी थोडी साठत जात असेल, तर मोटरच्या ड्राइव्हला (मोटरला करंट देणाऱ्या बॉक्सला) दिशेचा सिग्नल पल्सच्या पुरेसा आधी मिळत नाहीये. ती वेळ सेटिंगमध्ये वाढवली की काम झालं. आमच्याकडे तीन महिने कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलत बसलेला एक माणूस आला होता. त्याचं कपलिंग सैल होतं.

आता हिशेब. तुम्ही मायक्रोस्टेप ८ ठेवलंय, म्हणजे एका स्टेपचे आठ तुकडे, एका फेऱ्याला १६०० पल्स, मिलिमीटरला ३२०. रॅपिड (न कापता पळण्याचा वेग) मिनिटाला १५०० मिलिमीटरला सेट आहे, म्हणजे सेकंदाला २५ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ८००० पल्स. दोन पल्समध्ये अंतर १२५ मायक्रोसेकंद. या रांगेत मध्येच २९० मायक्रोसेकंदांचं भगदाड पडलं की मोटरच्या दृष्टीने कोणीतरी ब्रेक दाबून लगेच पुन्हा पूर्ण वेगाचा हुकूम दिला. त्या वेगाला मोटरचा टॉर्क आधीच उतरलेला असतो, झेडवर वर स्पिंडल हेडचं वजन. सुटली पकड. तेच कटिंगमध्ये ३०० च्या फीडला दोन पल्समध्ये ६२५ मायक्रोसेकंद असतात. तिथे २९० चा उशीर मोटर पचवते, तुम्हाला कळतही नाही. म्हणून तुमचा झेड कापताना सरकत नाही, वर उचलून पुढच्या भोकाला जाताना सरकतो. सॉफ्टवेअरला यातलं काहीच ठाऊक नसतं. मोटर खरंच कुठे आहे ते सांगणारा एन्कोडर नाही, त्यामुळे स्क्रीनवरचा झेडचा आकडा शेवटपर्यंत बरोबरच दिसतो.

यावरून आजच्या आज करता येण्यासारखं एक काम निघतं. झेडचा रॅपिड १५०० वरून ६०० वर आणा आणि ॲक्सिलरेशन निम्मं करा. इलाज नव्हे हा, पण तोवर माल रिजेक्ट होणं बंद होईल आणि डोकं शांत ठेवून बाकीचं तपासता येईल.

लिनक्ससीएनसीचं मॅन्युअल सॉफ्टवेअर पल्ससाठी सांगतं ते ढोबळमानाने असं: जिटर १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर उत्तम, ३०-५० असेल तर चालेल पण वेग थोडा कमी मिळेल, १०० च्या पुढे गेलं तर तो कॉम्प्युटर पॅरलल पोर्टाच्या कामाचा नाही. लक्षात घ्या, हे आकडे सर्वांत वाईट वेळेचे आहेत. सरासरी इथे कुचकामी. दिवसभरात लाखो वेळा वेळेवर आलेला आणि एकदा चुकलेला कॉम्प्युटर तुमचा जॉब एकदाच घालवतो, पण घालवतो. तुमचा खरा आकडा २९० आहे. ३८ विसरून जा.

ग्राफिक्सचा यात हात कसा, हे नीट समजून घेतलं तर उगाच प्रयोग करावे लागत नाहीत. तुमच्या कर्नलमध्ये प्रीएम्प्ट-आरटी आहे, म्हणजे महत्त्वाचं काम आलं की कर्नल हातातलं बाकी काम बाजूला ठेवतो. पण ड्रायव्हर लिहिणारा 'इथे मला कोणी अडवू नका' म्हणून इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे) बंद करून बसला तर कर्नलचं काही चालत नाही. इंटेलचा आय-९१५ ड्रायव्हर घ्या. मॉनिटर वरून खाली एक एक ओळ रंगवत असतो. चित्र बदलायचं तर ते एका फ्रेमचं रंगवणं संपून दुसरी सुरू व्हायच्या सांदीत बदलावं लागतं, नाहीतर चित्र मधोमध फाटतं. ती सांद गाठण्यासाठी हा ड्रायव्हर मूळ लिनक्समध्ये थोडा वेळ इंटरप्टच बंद करतो. त्यासाठी कोडमध्ये धरलेली मुदत १०० मायक्रोसेकंदांची. स्क्रीनच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे, तुमच्या १२५ मायक्रोसेकंदांच्या पल्सच्या दृष्टीने सत्यानाश. प्रीएम्प्ट-आरटीच्या वेगळ्या दुरुस्त्यांत, म्हणजे आरटी पॅचमध्ये, ही सवय काढून टाकलेली असते. म्हणूनच एक सावधगिरी: प्रीएम्प्ट-आरटी २०२४ साली ६.१२ च्या मूळ कर्नलमध्ये आलं हे वाचून बरेच जण स्वतः कर्नल बांधायला घेतात आणि बघतात तर इंटेल ग्राफिक्सचा पर्यायच गायब. त्यात चूक काही नाही. आय-९१५ आणि आरटी एकत्र घेऊ नयेत असं त्या मूळ कर्नलच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं आहे. त्या ड्रायव्हरच्या दुरुस्त्या वेगळ्या पॅचमध्ये असतात, तो पॅच लावावा लागतो.

गंमत म्हणजे आरटी मुख्य कर्नलमध्ये यायला वीस वर्षं लागली आणि शेवटचा मोठा अडथळा होता तो स्क्रीनवर संदेश छापणाऱ्या कोडचा. स्क्रीन आणि वेळ यांचं भांडण जुनंच आहे.

दुसरी वाट सॉफ्टवेअरच्याही खालची. प्रोसेसरने कार्डावरचा एखादा रजिस्टर (माहितीचा छोटा कप्पा) वाचायला मागितला की उत्तर येईपर्यंत तो कोर तिथेच थांबतो. त्या क्षणी कुठलाही कर्नल त्याला उठवू शकत नाही. कार्ड दुसऱ्या कामात असेल तर उत्तर उशिरा येतं. याशिवाय काही ग्राफिक्स ड्रायव्हर सगळी कॅश (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) मुख्य मेमरीत रिकामी करणारी एक सूचना वापरत आलेत, डब्ल्यूबीइन्व्हीडी नावाची. ती एकदा सुरू झाली की संपेपर्यंत इंटरप्ट घेत नाही, आणि सामायिक कॅश रिकामी झाल्यामुळे शेजारच्या कोरलाही झळ बसते. म्हणून 'मी एक कोर वेगळा काढलाय, मला कशाची भीती' हे पूर्ण खरं नाही. कोर वेगळा काढता येतो. कॅश, मेमरी आणि बस सगळ्यांची एकच. शिरोली फाट्याला तुमची गाडी कितीही चांगली असली तरी पुढे ट्रॉली आडवी असेल तर काय करणार, तसं.

एक गैरसमज मात्र काढून टाकतो, कारण तुम्हीही तो लिहिलाय. ऑनबोर्ड ग्राफिक्स मुख्य मेमरी वापरतं म्हणून ते वाईटच, असं नाही. १९२० बाय १०८० चा स्क्रीन सेकंदाला ६० वेळा रंगवायला सुमारे ५०० मेगाबाइट लागतात. मेमरीच्या दोन डीडीआर३-१६०० पट्ट्या जोडीने लावल्या तर कागदोपत्री क्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट. म्हणजे दोन टक्के. नुसतं चित्र दाखवण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते ड्रायव्हरच्या वागण्याने आणि वीज वाचवायच्या हुशारीने.

आता तपासणी. लोक इथेच घाई करतात, एकदम दहा सेटिंग बदलतात आणि कशाने फरक पडला ते कळत नाही. मशीनची पॉवर बंद ठेवा, फक्त कॉम्प्युटर चालू. पहिल्यांदा ग्राफिकल डेस्कटॉप पूर्ण बंद करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने (नेटवर्कवरून) आत जा आणि सायक्लिकटेस्ट हा उशीर मोजणारा प्रोग्राम लावा. सोबत एखादी मोठी फाइल कॉपी होत राहू द्या. वीस मिनिटं. सर्वांत मोठा आकडा वहीत लिहा. मग डेस्कटॉप चालू करा, पण कशालाही हात न लावता वीस मिनिटं. मग ग्लक्सगिअर्स (फिरत्या चाकांचं चित्र काढणारा प्रोग्राम) चालवून. मग हातात माउस घेऊन पोरासारख्या विंडो गरागरा फिरवा, लहान-मोठ्या करा, ब्राउझर उघडा. प्रत्येक वेळचा सर्वांत मोठा आकडा वहीत. डेस्कटॉप बंद असतानाही १५०-२०० येत असेल तर ग्राफिक्स निर्दोष आहे, गुन्हेगार बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) सापडेल. डेस्कटॉप आला आणि आकडा उडाला तर तुमचा संशय खरा.

मला विचाराल तर तुमच्या बाबतीत पहिला उपाय स्क्रूड्रायव्हरचा आहे. ते जादा कार्ड काढा. कुठल्या कंपनीचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तपासणीपुरता मॉनिटर बोर्डावरच्या पोर्टाला लावा आणि वरची चारही मापं पुन्हा घ्या. मिलिंग मशीनला दुसरा मॉनिटर कशाला लागतो हे मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. ड्रॉइंग बघायचं असेल तर मोबाइल आहे, टॅब आहे. कार्ड एनव्हिडियाचं असेल आणि कंपनीचा बंद ड्रायव्हर टाकायचा विचार असेल, तर तो प्रीएम्प्ट-आरटी कर्नल दिसला की बांधायलाच नकार देतो. एक व्हेरिएबल देऊन त्याला जबरदस्तीने बांधता येतं, इंटरनेटवर युक्ती सापडेल. जो ड्रायव्हर स्वतःहून सांगतोय की मला इथे घेऊ नका, त्याला मशीनवर घेऊ नये.

कार्ड काढूनही विंडो ओढताना आकडा उडत असेल तर एक एक करून पुढचं करा. एक्सएफसीई डेस्कटॉप असेल तर विंडो मॅनेजरच्या सेटिंगमधला कंपोझिटर बंद करा. सावल्या, पारदर्शकता यांचा इथे काय उपयोग? रिझोल्यूशन कमी करा. आय-९१५ असेल तर कर्नलच्या ओळीत त्याची डिस्प्ले झोपवण्याची सोय बंद करा, पर्यायाचं नाव इनेबल-डीसी, त्याला शून्य द्या. जुन्या कर्नलवर आरसी-सिक्स (ग्राफिक्स चिपची झोप) बंद करा असा सल्ला सगळीकडे दिसेल. तो पर्याय ४.१६ पासून काढून टाकलाय, नव्या कर्नलवर लिहून काही होत नाही.

आणि शेवटचं हत्यार कर्नलच्या ओळीतलं नोमोडसेट. याने ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर बसतच नाही, साध्या फ्रेमबफरवर काम चालतं. तेवढ्याने बऱ्याच कॉम्प्युटरांचा जिटर खाली बसतो. किंमत अशी की ॲक्सिस या लिनक्ससीएनसीच्या स्क्रीनमधलं टूलपाथचं त्रिमितीय चित्र आता प्रोसेसर स्वतः काढतो. ग्लक्सइन्फोमध्ये रेंडररपुढे एलएलव्हीएमपाइप दिसलं तर समजा तेच चाललंय. मोठा प्रोग्राम उघडल्यावर चित्र फिरवताना कुथल्यासारखं वाटेल. पण हे काम साध्या प्रोग्रामसारखं असतं, महत्त्वाचं काम आलं की कर्नल त्याला खुशाल बाजूला सारतो. ग्राफिक्स कार्डाला असं सारता येत नाही. म्हणून हा व्यवहार मला पटतो, जोवर रिअलटाइमचा कोर वेगळा आहे. चार कोर आहेत ना, मग कोर वेगळा काढणाऱ्या आयसोलसीपीयूज पर्यायात शेवटचा, म्हणजे (मोजणी शून्यापासून) ३ नंबरचा द्या. लिनक्ससीएनसी आपणहून शेवटचाच कोर धरतं. हायपरथ्रेडिंग असेल तर बायॉसमधून बंद. नाहीतर तुम्ही वेगळा काढलेला कोर प्रत्यक्षात अर्धाच असतो, दुसऱ्या अर्ध्यावर ब्राउझर बसलेला.

बायॉसमध्ये शिरलातच तर वेग कमी-जास्त करणारं सगळं बंद करा: स्पीडस्टेप, टर्बो, खोल सी-स्टेट. झोपलेल्या कोरला उठायला वेळ लागतो, आणि गंमत अशी की त्यामुळे काही कॉम्प्युटरांचा आकडा कामात असताना चांगला आणि रिकामा असताना वाईट येतो. तुमचं उलटं आहे, त्यामुळे हा मुख्य आरोपी नाही, पण बंद करून ठेवायला पैसे पडत नाहीत. यूएसबी लेगसी सपोर्टही बंद करा. त्यामुळे बोर्डाचं स्वतःचं फर्मवेअर मधूनच प्रोसेसर ताब्यात घेतं, तेही कर्नलला न विचारता. तसा संशय असेल तर एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट चालवा, ते असल्या चोरलेल्या वेळा पकडतं.

आता एक गोष्ट सांगतो, कारण तुमचे चुकलेले जॉब ब्राउझर न उघडताही चुकलेले असू शकतात.

काही वर्षांपूर्वी एका लाकडाच्या राउटरवर मला बोलावलं होतं. तक्रार अशी की मोठ्या पॅनेलवर मधेच कुठेतरी एक्स सरकतो, पण कोणी बघायला उभं राहिलं की कधीच नाही. मालकाला वाटत होतं ऑपरेटर काहीतरी करतो. ऑपरेटरला वाटत होतं मशीनला नजर लागलीय, लिंबू-मिरची बांधून झाली होती. मी दिवसभर शेजारी बसलो, एकही जॉब गेला नाही. संध्याकाळी कंटाळून चहाला गेलो, परत आलो तर पॅनेल गेलेलं. आणि स्क्रीन काळा. मग डोक्यात आलं. दहा मिनिटं कोणी माउसला हात लावला नाही की मॉनिटर झोपत होता, आणि तो झोपताना-उठताना ड्रायव्हर सगळं डिस्प्ले नव्याने मांडत होता. माणूस उभा असला की काहीतरी चाळा म्हणून माउस हलवतोच, मग मॉनिटर झोपणार कसा? स्क्रीन ब्लँकिंग आणि डीपीएमएस (मॉनिटर झोपवण्याची सोय) बंद केलं, विषय संपला. लिंबू-मिरची मात्र त्यांनी काढली नाही.

तेव्हा एक्ससेट ही कमांड वापरून स्क्रीनसेव्हर आणि डीपीएमएस दोन्ही बंद करा, डेस्कटॉपच्या पॉवर मॅनेजरमधूनही. आणि लेटन्सी हिस्टोग्राम (उशिरांचा आलेख) बघताना घड्याळही बघा. टोक दर १० सेकंदांनी नेमाने येत असेल तर ड्रायव्हर 'नवा मॉनिटर लागला का' म्हणून पोर्ट चाचपत असतो, ते डीआरएमच्या (कर्नलमधल्या ग्राफिक्सच्या भागाच्या) पोल पर्यायाला शून्य देऊन थांबतं. रात्रभर लावलेल्या टेस्टचं मोल इथे कळतं. पाच मिनिटांच्या टेस्टवर मशीन ताब्यात देणाऱ्यांकडून मी कधी काम घेत नाही.

एवढं सगळं करून आकडा ४०-५० च्या आत बसला तर पॅरलल पोर्टवर खुशाल चालवा, बेस पीरियड (पल्स काढणाऱ्या कामाची एक फेरी) ५० मायक्रोसेकंद ठेवा. एका पल्सला दोन फेऱ्या लागतात, त्यामुळे सेकंदाला कमाल १०,००० पल्स मिळतात, म्हणजे तुमच्या स्क्रूवर १८७५ चा रॅपिड. तुमच्या मशीनला पुरे. १०० च्या खाली येतच नसेल तर कॉम्प्युटर बदलण्यात पैसे घालू नका. दुसरा जुना कॉम्प्युटर म्हणजे पुन्हा लॉटरी. त्यापेक्षा मेसा कंपनीचं, नेटवर्कच्या केबलने जोडायचं कार्ड घ्या, ७आय९६एस किंवा ७आय७६ई. पल्स त्यावरची एफपीजीए चिप काढते, कॉम्प्युटरने फक्त मिलिसेकंदाला एकदा 'आता इतक्या वेगाने जा' एवढं सांगायचं. मग १००० मायक्रोसेकंदांत १००-१५० चा उशीर खपून जातो. ते अमेरिकेतून येतं, कस्टम ड्यूटी धरून किंमत विचारा. मात्र ते आलं म्हणून ग्राफिक्सकडे दुर्लक्ष करू नका. उशीर मिलिसेकंदाच्या जवळ गेला तर 'एरर फिनिशिंग रीड' म्हणून कार्ड मशीन थांबवतं. जॉब तिथेही जातो, फक्त गुपचूप जात नाही. त्याला नेटवर्कचं पोर्ट स्वतंत्र द्या. इंटेलचं पोर्ट असेल तर ईथटूल या कमांडने त्याचं इंटरप्ट साठवून देणं बंद करा, आरएक्स-यूसेक्स शून्य.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत इमर्जन्सी स्टॉपचं बटण फक्त पॅरलल पोर्टाच्या एका पिनला गेलेलं दिसतंय. ते आधी बदला. बटणाने कॉन्टॅक्टर (पॉवर तोडणारा मोठा स्विच) पडून ड्राइव्हची आणि स्पिंडलची पॉवर सरळ तुटली पाहिजे, पिनला फक्त कळवायचं. झेड उभा आहे, पॉवर गेल्यावर हेड खाली येत असेल तर ब्रेकवाली मोटर किंवा काउंटरवेटही बघावं लागेल. हे झाल्यावर वहीतले चार आकडे, डायलची मापं आणि प्रॉक-इंटरप्ट्सची फाइल पाठवा. ग्राफिक्सचा इंटरप्ट कुठल्या कोरवर बसलाय ते त्यात दिसेल.